तुमचंच हाय न्हवं?

हा प्रश्न मला विशी-बाविशीच्या एका पोराने विचारला. बेळगावात, आमच्या हिंदवाडीतल्या घराच्या अंगणात, दसऱ्यानंतरच्या एका सकाळी. तो मैला उपसणाऱ्या टँकरवर कामाला होता. चपला त्याने फाटकाशी काढून ठेवल्या होत्या, देवळाबाहेर काढतात तशा, आणि आमच्या गाडीखाली शिरायला तो हातांवर ओणवा झाला होता. हातमोजे नव्हते. मी म्हटलं, "अरे थांब, काही निखळलं तर सगळं तुझ्या अंगावर येईल." तो तसाच ओणवा, मान तेवढी वळवून म्हणाला, "येऊ दे की. काका, हे तुमच्याच घरचं हाय न्हवं?"

त्याला फक्त माहिती हवी होती, असं मला आता वाटतं. घरचं असलं तर काम सोपं, हॉटेलचं किंवा लॉजचं असलं तर त्यात काय काय निघेल सांगता येत नाही. धंद्यातला साधा प्रश्न. पण तेव्हा मी 'होय' म्हणालो आणि माझा आवाज मलाच चोरट्यासारखा ऐकू आला.

गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर. जुनी घेतली, मागच्या सीटा काढल्या, आणि माझ्या मेहुण्याच्या डोक्यातून निघालेल्या नकाशाप्रमाणे आत दोन बिछाने, ओटा, बेसिन आणि कपाटाएवढा संडास बसवून घेतला. खाली तीन टाक्या. एक चांगल्या पाण्याची, एक ओट्याच्या आणि आंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी कशाची ते सांगायला नको. घरात आम्ही तिला 'काळी' म्हणतो. पंच्याहत्तर लिटरची. तिच्या बुडाशी तीन इंची प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह असतो. दोन रबरी सिलांच्या मधून एक पातळ पातं सरकतं, पात्याला दांडा, दांड्याला मूठ. मूठ ओढली की पातं बाजूला होतं आणि टाकी नळीतून आमच्या घराच्या सेप्टिक टँकच्या चेंबरमध्ये रिकामी होते. यापलीकडे त्यात काही नाही. शेताच्या पाटाला दारं असतं ना, माती ओढली की पाणी या सरीतून त्या सरीत जातं, तेवढंच. फरक असा की दारं धरणारा माणूस पहाटे उठून पाण्यात उभा राहतो, आणि आम्ही मूठ ओढताना तोंड दुसरीकडे करतो.

आता यातली खरी लाजेची बाब. मी एकतीस वर्षं उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या धंद्यात काढली. बेळगावात ज्याला कुंदा माहीत आहे त्याला उद्यमबाग माहीत आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही. स्पूल म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा, बोअर म्हणजे तो सरकतो ते भोक; दोघांमधली फट काही मायक्रॉनची, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. त्या फटीत धुळीचा कण गेला तर स्पूल अडकतो आणि गिऱ्हाईकाचा प्रेस थांबतो. अडकलेला व्हॉल्व्ह हातात घेऊन तो का अडकला हे सांगणं हीच माझी भाकरी होती. तर या माणसाच्या दारात एक प्लॅस्टिकचं पातं अडकलं, आणि त्याने पहिली गोष्ट केली ती टँकरवाल्याला फोन लावण्याची.

झालं होतं असं. मे महिन्यात चोर्ला घाटाकडून परत आलो, टाकी रिकामी केली, पण धुवायचा कंटाळा केला. आभाळ भरून आलेलं, बायको वाळवणं आत घेत होती, मी म्हटलं उद्या बघू. उद्या वळीव पडला. नंतर जून, आणि बेळगावचा पाऊस म्हणजे एकदा धरला की गणपतीपर्यंत गाडीवरची ताडपत्री काढायचं कुणाच्या मनात येत नाही. चार महिने पातं बंद, सिलांवरचं वंगण धुऊन गेलेलं, पात्याच्या कडेला उरलंसुरलं वाळलेलं, वर आमच्या बोअरवेलचं जड पाणी, ज्याने बादलीलाही पांढरं कडं चढतं. दसऱ्याला तशीच गाडी काढून आंबोलीला गेलो. शिनोळी आली की आपण महाराष्ट्रात येतो आणि तिथे के. ए. बावीसची, म्हणजे कर्नाटकातली, पाटी बघून माणसं आपल्याशी हिंदी बोलू लागतात. पार्किंगवाल्याने "आगे लो, आगे लो" केलं. मी म्हटलं, "घेतो की हो पुढं." तो दचकला. सत्तर वर्षं आपण इकडे ज्यासाठी घसा कोरडा केला ते तिकडे एका नंबरप्लेटवर संपतं. असो. तीन दिवस राहिलो, पाच माणसं, त्यातलं एक पुतणीचं तान्हं. टाकी भरत आली. घरी येऊन मूठ ओढली. हलली नाही.

मग मी ते केलं जे इतरांना एकतीस वर्षं करू नका म्हणून सांगत आलो. जोर लावला. दोन्ही हातांनी, चाकाला पाय देऊन. दांडा किंचित वाकला आणि आतून कट्ट असा आवाज आला. बायको पायरीवर उभी होती. म्हणाली, "अहो, ते तुटलं तर?" तिने प्रश्न पुरा केला नाही. पंच्याहत्तर लिटर, तीन इंची भोक. अर्ध्या मिनिटाच्या आत अंगण भरलं असतं.

टँकरवाला आला तो नियमाने वरून उपसणार होता. तीच रीत बरोबर, खालचं दार उघडत नसेल तर संडासाच्या भांड्यातून नळी सोडून टाकी वरून रिकामी करावी. पण त्याची नळी चार इंची आणि आमचं भांडं बोटीतल्यासारखं अरुंद. "पाईप जाड हाय, जायना," पोरगं म्हणालं. ड्रायव्हर टँकरमधून न उतरता बोलला की खालचे चार बोल्ट ढिले कर. आणि पोरगं चपला काढून ओणवं झालं. ते चार बोल्ट म्हणजे व्हॉल्व्ह टाकीच्या पाइपाला धरून ठेवणारे बोल्ट. भरलेल्या टाकीखाली ते सोडणं म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कागदावर काढल्यासारखं दिसलं. त्यालाही दिसत असणार. तरी तो निघाला होता. हाताने मैला काढायला कुणाला लावणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मला माहीत होतं. पण ते आठवलं नंतर, दुपारी. त्या वेळी मी थांबवलं ते त्याच्या त्या प्रश्नामुळे. फेरीचे पैसे देऊन मी टँकर परत पाठवला. ड्रायव्हर पैसे मोजत म्हणाला, "काम न करता पैसे देताय?" पोराने काही विचारलं नाही. फाटकाशी जाऊन चपला पायात सरकवल्या आणि मागच्या शिडीवर उभा राहून गेला.

मी बराच वेळ अंगणात बसून होतो.

आमचं मूळ घर बेळगावातल्याच शहापूरचं. पूर्वी सांगली संस्थानात होतं ते शहापूर, मागांचं. घर लांबलचक, पुढच्या दारातून शिरलं की मागच्या अंगणात पोचेपर्यंत तीन वेळा उजेड आणि अंधार बदलायचा. अंगणाच्या टोकाला संडास. दोन पायऱ्या वर, मधे भोक, खाली टोपली. टोपली काढायला पाठीमागच्या बोळात भिंतीला एक चौकोनी खिडकी होती, हातभर रुंद, आणि तिच्यावर वरच्या बाजूला बिजागरी असलेला पत्रा. बोळात जायची आम्हाला मनाई होती. पण मी सहा वर्षांचा असताना एकदा चेंडूमागे गेलो आणि त्या पत्र्याजवळ एक बाई बघितली. हिरवं लुगडं, कमरेला खोचलेला पदर. ती एका हाताने पत्रा वर धरून दुसऱ्या हाताने आत काही ओढत होती. मला बघून ती मागे सरली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली, मी जाईपर्यंत. म्हणजे वाट मी अडवली होती आणि बाजूला ती झाली. सणाच्या दुसऱ्या दिवशी आजी तिला वरून पोळी द्यायची, हात लागणार नाही अशी. आजी प्रेमळ होती, हे लिहिलं तर कुणाला पटणार नाही, पण होती.

कर्नाटकात मुख्यमंत्री देवराज अर्सांच्या मंत्रिमंडळातल्या बसवलिंगप्पांनी डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी आणली ती सत्तरच्या दशकात. आमच्याकडे ती पोचायला थोडा वेळ लागला असावा. मग फ्लशचा संडास आला, खिडकी विटांनी बुजवली. पत्रा काही दिवस पावसात न्हाणीच्या चुलीवर आडोसा म्हणून लावलेला मला आठवतो. इतक्या वर्षांनी गाडीशेजारी बसून मला त्या पत्र्याचा आवाज आठवला. पहाटे अंथरुणात ऐकू यायचा. हलका, तेल घातल्यासारखा.

तो पत्रा कधी अडकला नाही. कारण कुणीतरी तो रोज उघडत होतं.

टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे, तिच्यावरून मी कामावर जात-येत असे. १९२४ चं अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष झाले ते आयुष्यात तेवढं एकदाच, आणि ते आमच्या गावात. शंभर वर्षं झाली तेव्हा डिसेंबरात शहरभर रोषणाई केली होती, नातीला खांद्यावर घेऊन मी दाखवायला नेलं. ज्या माणसाने आपल्या आश्रमात सगळ्यांना, बॅरिस्टरांना सुद्धा, आपापला संडास साफ करायला लावला, त्याच्या नावाचे दिवे. नातीला आईस्क्रीम हवं होतं. मला स्वतःला तरी दिव्यांपलीकडचं काय आठवलं, हे विचारू नका.

शहापुरात आणखी एक माणूस होता, त्याच्याकडून मी व्हॉल्व्ह शिकलो असं म्हणायला हरकत नाही. पाणीवाले मामा. राकसकोप धरणाचं पाणी गल्लीगल्लीला आळीपाळीने सुटायचं, आणि सोडायचे ते मामा. सायकलच्या दांड्याला बांधलेली टी आकाराची लांब चावी, खाकी हाफ पँट, काखेत गुंडाळलेलं घोंगडं. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून चावी खाली सोडायचे आणि आटे मोजत फिरवायचे. मोठ्याने मोजायचे, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, ज्या गल्लीत असतील तसे. आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून झाला की ते अर्धा आटा उलटा फिरवत. मी एकदा विचारलं, असं का? म्हणाले, "टोकाला नेऊन ठेवलास की तिथंच धरून बसतंय ते. थोडं ढिलं सोडायचं." गेट व्हॉल्व्हचा हा नियम पुढे डिप्लोमाला एका ओळीत आला आणि मी त्यावर खूण केली. ज्या गल्लीला त्या दिवशी पाणी नसेल तिथलाही व्हॉल्व्ह मामा जाता जाता दोन आटे हलवून ठेवत. त्याचं त्यांना पगारात काही मिळत नव्हतं. पुढे २००८ च्या सुमारास काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं, कुठे अजून आलेलं नाही, ते एक वेगळंच पुराण आहे.

तर मामांचं ऐकायचं ठरवलं. जोर नाही, हलवत राहायचं.

दोन मोठी पातेली पाणी तापवलं. हात घालता येईल एवढंच. उकळतं पाणी प्लॅस्टिकला आणि सिलांना दोघांनाही मारतं. त्यात भांडी घासायचा साबण आणि मूठभर लिंबूसत्त्व, बोअरच्या क्षारासाठी. ते भांड्यातून टाकीत ओतलं. नळी काढून ठेवली, बाहेरचं झाकण घट्ट आहे हे दोनदा बघितलं, मग गाडी बाहेर काढली. खानापूर रोडने उद्यमबागेवरून पिरनवाडी, तिथून जांबोटीच्या रस्त्याला किणयेपर्यंत. आत सगळं हिंदकळलं पाहिजे, म्हणून खड्डे टाळायचे नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या रस्त्यांचा उपयोग झाला. जुन्या कारखान्यावरून जाताना गेटावरच्या वॉचमनने हात केला, मीही केला. गाडीत काय हिंदकळतंय हे त्याला काय ठाऊक. भाताची कापणी सुरू व्हायची होती, सगळीकडे तो पिवळट हिरवा रंग आणि ओला, गोडसर वास. खिडकी उघडी ठेवली होती. दोन वास एकमेकांत मिसळत होते आणि मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं, हे किणयेच्या अलीकडे कुठेतरी लक्षात आलं.

रात्रभर तसंच भिजू दिलं. सकाळी जुनं धोतर अंथरून गाडीखाली मीच शिरलो. हातमोजे, चष्मा, नाकाला पंचा. गाडीखालचं जग वेगळं असतं; आपल्याच घराची फरशी इतक्या जवळून मी कधी बघितली नव्हती, मुंग्यांची रांग, मेमध्ये हरवलेलं एक बटण. दांड्यावर चिखलाचा थर होता तो फडक्याने पुसला, सिलिकॉनचा स्प्रे मारला, दहा मिनिटं थांबलो. आमच्या घरात हायड्रॉलिक ग्रीसचा डबा नेहमी असतो, हात सवयीने त्याच्याकडे गेला होता. तेलात राहणाऱ्या नायट्राइल सिलांना ते चालतं. पण ईपीडीएमसारखं रबर पेट्रोलियमच्या तेलात फुगतं, आणि फुगलेलं सील पात्याला आणखी आवळून धरतं. म्हणून सिलिकॉन. मग मूठ ओढली नाही, आत ढकलली. अडकलेल्या वस्तूला उघडायच्या दिशेने ओढायची आपली घाई असते. आधी उलटीकडे गेली तर कड सुटते. रबरी हातोडीने व्हॉल्व्हच्या अंगावर हलक्या टिचक्या. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. सुताएवढं हललं. मोठ्याने मोजायला लागलो. अठ्ठाविसाव्या खेपेला पातं अर्धा इंच आलं आणि झाकणामागे पाणी खळाळल्याचा आवाज झाला. तेवढ्यावर सोडलं, पातं परत आत ढकललं. बाहेर आलो, झाकणाखाली बादली धरून ते उघडलं, नळी जोडली, आणि मग मूठ ओढली. पूर्ण.

नळीतून ते जाताना हाताखाली जडपणा सरकत जाताना कळतो. आवाज घुटक्याघुटक्यांचा. बायकोने पायरीवरून विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "जातंय." मग मागोमाग सांडपाण्याची टाकी सोडली. हा क्रम चुकवू नये, आधी काळी, मग साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते.

पुढच्या रविवारी, टाकी दोनदा धुऊन, ते चार बोल्ट मीच सोडले. व्हॉल्व्ह बाहेर काढून उन्हात ठेवला. पात्याच्या खाचेत बाळाला पुसायच्या ओल्या रुमालाचा पीळ, दोरीसारखा घट्ट. एका सिलाची ओठासारखी कड आत दुमडलेली, बहुतेक माझ्या जोर लावण्याने. आणि सगळीकडे पांढरी खर. नवी सिलं बसवली, पात्याला आणि सिलांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. मेहुण्याला फोन करून सगळं सांगितलं. त्याची तऱ्हा निराळी. शेतात गाडी उभी करतो तेव्हा तो काळीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतो, म्हणजे कटकट नको. त्याने पाणी पाणी निघून जातं आणि उरलेलं आत वारुळासारखं चढत जातं. व्हॉल्व्ह बंद ठेव, दोन तृतीयांश भरल्याशिवाय सोडू नकोस, म्हणून सांगितलं तर म्हणतो, "दाजी, तुम्ही रिटायर झालाय, तुम्हाला वेळ आहे."

वेळ आहे खरा. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी, गाडी कुठे जावो न जावो, मी दोन्ही मुठी चार-सहा वेळा आतबाहेर करतो. हातमोजे घालतो. अजून घालतो.

त्या पोराला परवा फोन केला. चेंबर भरलं होतं, टँकर हवाच होता. मोबाइलमध्ये नंबर 'सेप्टिक गाडी' या नावाने होता. टँकर येऊन काम करून गेला, या खेपेला त्याच्या हातात निळे हातमोजे होते, कोपरापर्यंत. मी विचारलं, कंपनीने दिले? म्हणाला, "न्हाई, माझेच." गाडीकडे बघून हसला. "सुटलं काय ते?" मी म्हटलं, सुटलं, मीच केलं. "अंगावर उडालं काय?" थोडं उडालं. तो मनापासून हसला, शिडीला धरून.

निघताना मी मोबाइल काढला आणि म्हटलं, "तुझं नाव सांग रे, नंबर नीट सेव्ह करतो."

"नाव कशाला काका," तो म्हणाला, "नंबर हाय न्हवं?" आणि टँकर वळणावरून गेला.